नागपूरहून युद्धकाळातल्या बुडालेल्या जहाजांपर्यंत : परदेशातल्या डाइव्हची आखणी

दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जहाजांवर डाइव्ह करायची इच्छा असेल, तर जहाजाच्या नावावरून सुरुवात करू नका. आधी ते किती खोल आहे ते बघा. नागपुरात स्कूबा शिकलेल्यांची संख्या हळूहळू वाढते आहे. तारकर्ली, नेत्राणी, अंदमान झालं की पुढचा प्रश्न हमखास येतो : "थिसलगॉर्मला (तांबड्या समुद्रात बुडालेलं जहाज) कधी जायचं?" उत्साह चांगलाच आहे. पण आपल्याला कुठलाही समुद्र रात्रभराच्या प्रवासाशिवाय भेटत नाही. मुंबई-गोव्याचे डायव्हर दर शनिवार-रविवारी सराव करतात, तो आपल्या वाट्याला येत नाही. म्हणून आपली तयारी कागदावर जास्त पक्की हवी, आणि तिकीट काढायच्या आधी व्हायला हवी.

जहाज निवडताना

पहिलं जहाज म्हणून मी नेहमी एकच नाव सुचवतो : बालीतल्या तुलांबेनचं 'लिबर्टी'. हे अमेरिकन मालवाहू जहाज. ११ जानेवारी १९४२ रोजी जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने ते जखमी झालं, ओढत किनाऱ्याला आणलं गेलं आणि तिथेच वाळूवर पडून राहिलं. १९६३ मध्ये अगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हाच्या हादऱ्यांनी ते पाण्यात सरकलं. आज त्याचा वरचा भाग साधारण ५ मीटरवर आणि खालचा ३० मीटरच्या आसपास आहे. बोट लागत नाही, गोट्यांच्या किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं. हवा कमी झाली तर उतार धरून वर यायचं, म्हणजे डाइव्ह हळूहळू उथळ होत संपते. नवख्याला याहून सोयीचा रेक, म्हणजे बुडालेलं जहाज, माझ्या माहितीत नाही.

त्यानंतर फिलिपिन्समधलं कोरोन. २४ सप्टेंबर १९४४ रोजी अमेरिकन विमानांनी तिथे दडून बसलेल्या जपानी पुरवठा जहाजांवर हल्ला केला. 'कोग्यो मारू' उजव्या कुशीवर पडलं आहे, तळ ३४ मीटरच्या सुमारास. त्याच्या होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या जागेत, सिमेंटच्या गोण्या आहेत. पोती केव्हाच कुजून गेली, पण आतलं सिमेंट घट्ट झाल्यामुळे गोणीचा आकार, कडेचा फुगवटा, एकीवर दुसरी दाबून बसल्याची खोलगट खूण, सगळं जसंच्या तसं आहे. शेजारी बुलडोझर. धावपट्ट्या बांधायला निघालेलं हे सामान होतं, हे तिथे कुणी सांगावं लागत नाही. 'ओकिकावा मारू' या टँकरचा डेक तुलनेने उथळ आहे. 'इराको' मात्र चाळीस मीटरच्या पलीकडे जातं, ते पहिल्या फेरीत नको.

श्रीलंका आपल्याला सगळ्यात जवळची. ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी बट्टिकलोआजवळ 'हर्मिस' ही ब्रिटिश विमानवाहू नौका बुडवली. ३०७ माणसं गेली. पहिल्या आराखड्यापासून विमानवाहू म्हणूनच रचलेलं हे जगातलं पहिलं जहाज. ते सुमारे ५३ मीटरवर आहे, म्हणजे ४० मीटरच्या मनोरंजक डायव्हिंगच्या मर्यादेबाहेर. तिथे जायचं तर डीकॉम्प्रेशनचं, म्हणजे वर येताना ठरावीक खोलीवर थांबत येण्याचं, वेगळं प्रशिक्षण लागतं. "गाइड सोबत आहे ना" हे त्याला उत्तर नाही. पण त्याच दिवशी, त्याच हल्ल्यात बुडालेला 'ब्रिटिश सार्जंट' हा टँकर पंचवीस मीटरच्या आसपास आहे. इतिहास तोच, आणि आपल्या आवाक्यातला. माझं मत विचाराल तर विदर्भातल्या डायव्हरसाठी लिबर्टीनंतर हाच.

तांबड्या समुद्रातलं 'थिसलगॉर्म' ६ ऑक्टोबर १९४१ च्या पहाटे जर्मन विमानांच्या बॉम्बने बुडालं. होल्डमध्ये बीएसए मोटारसायकली, बेडफर्ड ट्रक, रायफली, रबरी बूट अजून आहेत. वरचा भाग १६ मीटरच्या सुमारास, तळ ३० ते ३२. खोली ठीक आहे, कस लागतो तो पाण्याच्या ओढीमुळे. दोरी धरून उतरावं लागतं आणि त्याच दोरीवर परत यावं लागतं.

आणि शेवटी मायक्रोनेशियातलं 'चूक' (Chuuk), जुनं नाव ट्रुक लगून. १७ आणि १८ फेब्रुवारी १९४४ च्या अमेरिकन हल्ल्यात तिथे चाळीसहून जास्त जहाजं बुडाली. 'फुजिकावा मारू'च्या होल्डमध्ये झिरो लढाऊ विमानांचे सांगाडे आहेत. 'सान फ्रान्सिस्को मारू'च्या डेकवर रणगाडे आहेत, पण ते पन्नास मीटरच्या आसपास. नागपूरहून हा प्रवास लांबचा आणि महागडा. गुआममार्गे जायचं तर अमेरिकेचा व्हिसा हातात असावाच लागतो. एवढं सगळं करून पोचल्यावर निम्मी जहाजं आपल्या मर्यादेच्या खाली निघाली तर जीव हळहळतो. पुरेसा अनुभव झाल्यावरच जा.

कोर्स आणि नागपुरातला सराव

ओपन वॉटरवर १८ मीटर, ॲडव्हान्स्डवर ३० मीटर, डीप स्पेशालिटीवर ४० मीटर. या झाल्या परवान्याच्या मर्यादा. वरच्या यादीतल्या बहुतेक जहाजांना ॲडव्हान्स्ड आणि नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनचं मिश्रण) दोन्ही हवं. जहाजाच्या आत शिरायचं असेल तर रेक स्पेशालिटी वेगळी. त्यातही पाडी (PADI) या डायव्हिंगचे परवाने देणाऱ्या संस्थेचा नियम नीट समजून घ्या : पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजलेलं एकूण अंतर ४० मीटर, आणि बाहेरचा नैसर्गिक प्रकाश दिसत राहायला हवा. म्हणजे दार ३० मीटरवर असेल, तर आत फक्त १० मीटर. दोन खोल्यासुद्धा होत नाहीत.

हे कोर्स तारकर्ली, अंदमान, पुदुच्चेरी इथे होतात. कोकणात जून ते सप्टेंबर बंद, त्यामुळे ऑक्टोबर ते मे धरा. तारकर्लीला पाणी गढूळ असतं म्हणून लोक नाक मुरडतात, पण रेकसाठी तो सराव सोन्यासारखा आहे. चार-पाच मीटरपलीकडे दिसत नसताना जोडीदाराशी अंतर राखायची सवय तिथेच लागते.

बाकीचा सराव नागपुरातच. पूलवाल्यांनी सिलिंडर नेऊ दिला तर उत्तमच. तळापासून हातभर वर आडवं राहून, हात न हलवता पाच मिनिटं स्थिर राहून बघा. मग पाय मारायची पद्धत बदला. आपण एरवी पाय वर-खाली मारतो, त्याने जहाजातला गाळ उसळतो. बेडकासारखी, मागे ढकलणारी लाथ शिका. पूल मिळाला नाही तरी दोरीचा सराव जमिनीवर होतो, गुहांमध्ये डाइव्ह करणारेही तो तसाच करतात. पहाटे बागेत रील घेऊन जा, आठ-दहा झाडांना कमी-जास्त उंचीवर दोरी गुंडाळा, डोळ्यांना पट्टी बांधा, आणि अंगठा-तर्जनीचं कडं करून त्या दोरीवरून परत या. एकाने पुढे, दुसऱ्याने त्याच्या दंडाला धरून. बोलायचं नाही, दाबून खुणा करायच्या. फिरायला आलेली मंडळी थांबून बघतील, बघू द्या. गाळ उसळल्यावर जहाजाच्या आत हेच आणि एवढंच हाताशी असतं.

हवेचा हिशेब

हा भाग घाईने वाचू नका.

आधी स्वतःचा हवेचा खप काढा. १० मीटरवर शांतपणे १० मिनिटं पोहा, आधीचा आणि नंतरचा दाब लिहा. समजा ११ लिटरच्या सिलिंडरमधून ३३ बार गेले. ३३ गुणिले ११ म्हणजे ३६३ लिटर. १० मिनिटांनी भागलं की ३६. दहा मीटरवर दाब २ बार, म्हणून परत दोनने भागायचं : मिनिटाला १८ लिटर. हा तुमचा पृष्ठभागावरचा खप. तीन-चार वेगवेगळ्या डाइव्हवर काढा आणि त्यातला सगळ्यात जास्त आकडा धरा, सरासरी नको.

आता ३० मीटरचा डेक घ्या. तिथे दाब ४ बार, म्हणजे खप मिनिटाला ७२ लिटर. २०० बारच्या ११ लिटर सिलिंडरमध्ये २२०० लिटर हवा. पण ती सगळी वापरायची नसते. सगळ्यात वाईट क्षणी जोडीदाराची हवा संपली, तर दोघांनी एकाच सिलिंडरवर वर यायचं आहे. घाबरलेल्या माणसाचा खप ३० लिटर धरा, दोघांचा ६०. खाली सावरायला एक मिनिट : ६० गुणिले ४, २४० लिटर. मिनिटाला ९ मीटर वेगाने ५ मीटरपर्यंत यायला तीन मिनिटं, सरासरी दाब २.७५ बार : ४९५ लिटर. ५ मीटरवर तीन मिनिटं थांबा, दाब १.५ बार : २७० लिटर. एकूण १००५ लिटर, म्हणजे या सिलिंडरमध्ये ९१ बार. आपण ९५ धरू.

म्हणजे काटा ९५ वर आला की डेक सोडायचा, कितीही सुंदर काही समोर असलं तरी. उरले १०५ बार, ११५५ लिटर, ७२ ने भागले की १६ मिनिटं. त्यात उतरायचा वेळही आला. "५० बारला वर या" असं बोटीवर सांगतात, ते ३० मीटरच्या रेकला पुरत नाही.

हाच हिशेब २० मीटरला करून बघा. राखीव सुमारे ७० बार आणि खाली २६ मिनिटं मिळतात. दहा मीटर कमी केल्याने मिळालेली ही दहा मिनिटं. लिबर्टी आधी का, हे आता आकड्यांत दिसेल.

मोठा सिलिंडर मागितला तर? १५ लिटरमध्ये ३० मीटरला साधारण २७ मिनिटांची हवा होते. पण साध्या हवेवर तिथली नो-डीकॉम्प्रेशन मर्यादा, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे न घेता खाली राहता येईल तो वेळ, जेमतेम २० मिनिटं. म्हणून नायट्रॉक्स. ३२ टक्के ऑक्सिजनवर ती मर्यादा अर्ध्या तासाच्या आसपास जाते. मात्र ३२ टक्क्यांचं मिश्रण ३३ मीटरच्या खाली न्यायचं नाही, ऑक्सिजनचा दाब १.४ बारच्या वर जातो आणि झटका येऊ शकतो. ४० मीटरपर्यंत जायचं तर २८ टक्के. सिलिंडरमधलं प्रमाण ॲनालायझरवर स्वतः मोजा, दुसऱ्याने चिकटवलेल्या पट्टीवर विसंबू नका.

आत शिरणार असाल तर तिसऱ्या हिश्श्याचा नियम : एक हिस्सा जाताना, एक येताना, एक राखीव. तो राखीव हिस्सा आणि वर काढलेले ९५ बार, यांतलं जे जास्त ते सोडायचं नाही.

हंगाम, तिकीट, कागद

श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर साधारण मे ते सप्टेंबर समुद्र शांत असतो, म्हणजे आपल्या उन्हाळी सुट्ट्या बरोबर जुळतात. कोलंबोच्या बाजूचा हंगाम नेमका उलटा, नोव्हेंबर ते एप्रिल. कोलंबोसमोर पहिल्या महायुद्धातली जहाजंही आहेत. 'वुल्फ' या जर्मन युद्धजहाजाने पेरलेल्या सुरुंगांवर 'वूस्टरशर' आणि 'पर्शियस' ही जहाजं फेब्रुवारी १९१७ मध्ये तिथे बुडाली. त्याच वुल्फच्या सुरुंगाने त्या जूनमध्ये मुंबईसमोर 'मंगोलिया' बुडवलं. कोरोनला डिसेंबर ते मे बरा. तांबड्या समुद्रात वर्षभर जमतं, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी २१-२२ अंशांवर येतं. नागपूरकराला ते फार गार लागतं, ५ मिलिमीटरचा सूट तर हवाच, आत हुडी घाला.

इजिप्तसाठी नागपूर-दोहा विमान सोयीचं पडतं. श्रीलंका, बाली, फिलिपिन्ससाठी आधी मुंबई, दिल्ली किंवा चेन्नई गाठा. सगळी तिकिटं शक्यतो एकाच बुकिंगवर घ्या, कारण शेवटच्या टप्प्यात, विशेषतः मनिला ते बुसुआंगा, विमान लहान आणि सामानाची मर्यादा कडक. मास्क, कॉम्प्युटर, रेग्युलेटर हातातल्या बॅगेत. टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्याही हातातच, सुट्या आणि टोकं झाकलेल्या. महागडा कॅमेरा नेत असाल तर जाताना कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, येताना वाद होत नाही. व्हिसाचे नियम सतत बदलतात, म्हणून तिकिटाआधी त्या-त्या दूतावासाच्या संकेतस्थळावरच बघा.

विमा हा वेगळा विषय आहे. नेहमीच्या प्रवास विम्यात डायव्हिंग बहुधा वगळलेलं असतं, किंवा खोलीची अट असते. पॉलिसीतली ती ओळ शोधून वाचा. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, यांचं डायव्हर्ससाठीचं संरक्षण बघा. रिकंप्रेशन चेंबर (डीकॉम्प्रेशनच्या आजारावर उपचार करायची दाबाची खोली) आणि तिथवर न्यायचा खर्च धरला आहे का, हे विचारा.

वैद्यकीय प्रश्नावली खोटी भरू नका. दमा, कानाचा पडदा, रक्तदाब, मधुमेह, पंचेचाळिशीनंतरचं हृदय. यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की ३० मीटरला चारपट दाब असतो. मे महिन्यात ४५ अंशांतून निघत असाल तर आधीच्या चार दिवसांत पाणी भरपूर प्या. शरीरात पाणी कमी असलं की डीकॉम्प्रेशनच्या आजाराचा धोका वाढतो.

डाइव्ह सेंटरला काय विचारायचं

पैसे भरण्यापूर्वी मेलवर लेखी विचारा. एका गाइडमागे किती डायव्हर? चारच्या वर असतील तर दुसरं सेंटर बघा. बोटीवर ऑक्सिजन किट आहे का, आणि किती मिनिटं पुरेल? सगळ्यात जवळचं चेंबर कुठे, आणि तिथे पोचायला प्रत्यक्ष किती तास? १५ लिटर सिलिंडर आणि नायट्रॉक्स मिळतं का? बोट कायमच्या बोयाला बांधतात की दोर थेट जहाजाच्या लोखंडाला अडकवतात? आधी सोपी चाचणी डाइव्ह घेतात का? "त्याची गरज नाही, थेट जाऊ" असं उत्तर आलं तर ते सौजन्य समजू नका.

बोटीवरच मुक्काम असेल तर पहिल्या रात्री खालच्या केबिनमधून दोन्ही बाहेरचे मार्ग अंधारात चालून बघा. लाइफ जॅकेट कुठे, ते बघा. रात्रभर बॅटऱ्या चार्जिंगला लावू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये इजिप्तच्या मार्सा आलमजवळ मुक्कामाची एक बोट उलटली आणि केबिनमध्ये अडकलेली माणसं गेली.

पाण्यात

प्रत्येकाकडे दोन टॉर्च, कापायला कात्री किंवा लाइन कटर, आणि फुगणारा सिग्नल बोया हवाच. जुन्या जहाजांवर मासेमारीची जाळी अडकलेली असतात आणि नायलॉन पाण्यात दिसत नाही. उतरायच्या दोरीवर अंगाला झोंबणारे जीव असतात, लायनफिश असतात, हात ठेवण्याआधी बघा. छताला आपले बुडबुडे लागले की गंज झडतो, म्हणजे तुमचं काहीच चुकलं नाही तरी परतीची वाट धूसर होते. होल्डसारख्या उघड्या जागेत ते चालतं. इंजिन रूममध्ये, प्रशिक्षण आणि दोरी नसताना, नाही म्हणजे नाही.

गोळे, सुरुंग, डेप्थ चार्ज दिसतील. ऐंशी वर्षं पाण्यात राहिल्याने ते निकामी होत नाहीत. चूकमधल्या काही जहाजांतून अजून तेल झिरपतं. असा तवंग दिसला तर त्यातून वर येऊ नका.

आणि काहीही उचलू नका. बटण नाही, बाटली नाही, काडतूस नाही. कायद्याने बहुतेक ठिकाणी गुन्हा आहेच, चूकमध्ये तर परवाना आणि स्थानिक गाइडशिवाय उतरताच येत नाही. पण मला कायद्यापेक्षा वेगळं सांगायचं आहे. जावा समुद्रात १९४२ मध्ये बुडालेल्या डच आणि ब्रिटिश युद्धनौका भंगारवाल्यांनी तळावरून अख्ख्या उचलून नेल्याचं २०१६ मध्ये उघड झालं. शेकडो खलाशांच्या कबरी होत्या त्या. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो भारतीय खलाशी होते. कोकणातले, गोव्यातले, सिल्हेटचे. त्यांपैकी कित्येकांच्या घरी मृतदेह कधी आला नाही. अस्थी दिसल्या तर टॉर्च बाजूला करा, फोटो काढू नका, आणि पुढे व्हा. गाइड कवटी हातात घेऊन दाखवत असेल तर मान हलवून नकार द्या आणि वर आल्यावर त्याला सांगा की का.

परतीचा प्रवास

उंचीवर हवेचा दाब कमी होतो, म्हणून मध्ये वेळ सोडायचा : एकच डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान १२ तास, अनेक दिवस डाइव्ह केल्या असतील तर किमान १८. मी पूर्ण २४ तास राखायला सांगतो, विमान उशिरा सुटत असलं तरी. पण लोक विमान लक्षात ठेवतात आणि घाट विसरतात. तुलांबेनहून संध्याकाळी किंतामणी बघायला जाणं म्हणजे सुमारे १५०० मीटर चढणं. बट्टिकलोआहून नुवारा एलियाला गेलात तर जवळपास १८७० मीटर. तारकर्लीहून आंबोली घाटाने कोल्हापूर गाठतानाही हाच विचार करा. डोंगर आधी बघा, डाइव्हनंतर ठेवू नका.

घरी आल्यावर पहिले दोन दिवस सांधे दुखणं, खांद्यात खोल कळ, हातापायाला मुंग्या, त्वचेवर जाळीसारखे डाग, विचित्र थकवा, चालताना तोल जाणं, यांपैकी काहीही जाणवलं तर "प्रवासाचा शीण" म्हणून झोपू नका. मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा, शंभर टक्के ऑक्सिजन मागा, आणि डॅनच्या हॉटलाइनवर डॉक्टरांचं थेट बोलणं करून द्या. आपल्या शहरात डीकॉम्प्रेशनच्या आजाराचे रुग्ण क्वचितच येतात, त्यामुळे तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मनात डायव्हिंग येणारच नाही. प्रत्येक डाइव्हची तारीख, खोली, वेळ, मिश्रण आणि शेवटच्या डाइव्हनंतर केलेला विमानप्रवास, हे सगळं एका कागदावर लिहून पासपोर्टमध्ये ठेवा. घरच्यांनाही तो कागद कुठे आहे ते निघण्याआधीच दाखवून ठेवा.